वेलीसारखा चढणारा नेचा (फर्न): टोरांटोच्या हिवाळ्यात घरात घ्यावा की झोपू द्यावा?

रानजाई | ११ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात पहिल्यांदाच धागा काढते आहे. थंडी दारात आली आहे आणि माझा निर्णय होत नाहीये.

माझं माहेर कुडाळजवळ. घरामागे चिऱ्यांचा गडगा होता आणि पाऊस लागला की त्यावर एक नाजूक वेल चढायची. काळसर, तारेसारखी बारीक दांडी आणि तिला दोन्ही बाजूंनी हाताच्या पंजासारखी पानं. चतुर्थीच्या आधी माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या चौकटीचं) सामान आणायला रानात जायचो तेव्हा हीच वेल पायात अडकायची. आम्ही मुलं तिनेच रानफुलांच्या जुड्या बांधायचो. ती वेल नसून नेचा आहे हे मला कळलं ते इथे टोरांटोत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

शेजारी हाँगकाँगच्या एक आजी राहतात. त्यांच्या मागच्या पडवीत दोऱ्यांवर चढवलेला हा नेचा पाहिला आणि मी जागच्या जागी थांबले. त्यांच्याकडे याची बीजुकं (नेच्याला बियांऐवजी येणारे धुळीसारखे बारीक कण) औषधात वापरतात. त्या सोनेरी पुडीला चिनीत 'समुद्राची सोनेरी वाळू' अशा अर्थाचं नाव आहे. आमच्या गडग्यावरचा बहुधा लायगोडियम फ्लेक्झुओसम, आजींचा लायगोडियम जापोनिकम. सख्खी भावंडंच. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी मुळाचा अर्धा गड्डा मला काढून दिला.

पहिल्या हिवाळ्यात मी कुंडी दिवाणखान्यात, खिडकीपाशी ठेवली. खाली जमिनीतच हीटिंगची जाळी आहे. नाताळपर्यंत पानं कुरकुरीत झाली. तहानला असेल म्हणून मी पाणी वाढवलं. मार्चमध्ये कुंडी उपडी केली तर मूळ निम्मं कुजलेलं. बोटभर लांबीचे तीन तुकडे शाबूत होते, ते लावले, आणि या उन्हाळ्यात त्यांनी सहा फूट उंची गाठली.

आता पुन्हा तोच प्रश्न. दिवाणखाना, गॅरेज की पोर्चखालची कोल्ड रूम? आजी पुढच्या वर्षी मुलाकडे व्हँकूवरला जाणार आहेत आणि त्यांचं स्वतःचं झाड या उन्हाळ्यात गेलं. म्हणजे उरलेलं एवढंच. कृपया अनुभव सांगा.

---

काचघर | ११ ऑक्टोबर

मी कॅलगरीत. माझ्याकडे हाच नेचा तीन वर्षं आहे आणि तो एकदाही झोपलेला नाही. माशांची जुनी मोठी काचेची टाकी, तळाला ओले खडे, वर काचेचं झाकण दोन बोटं उघडं, आणि एलईडी दिवा टायमरवर बारा तास. वेल टाकीतच गोल गोल फिरवतो. माझं मत स्पष्ट आहे: घरात घ्या, पण दमट जागेत घ्या.

झोपवण्याबद्दल मला भीती वाटते ती अशी. तुमचे तुकडे बोटभर होते. एका उन्हाळ्यात त्यांनी पोटात किती साठवलं असेल? कमकुवत मूळ सहा महिने पानांशिवाय राहिलं तर मे महिन्यात उठायला त्याच्याकडे ताकद हवी ना?

---

सड्यावरचा | १२ ऑक्टोबर

रानजाई, तुमचा गडगा डोळ्यांसमोर आला. मी रत्नागिरीत राहतो, तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण या झाडाची घडण समजली की अर्धा निर्णय आपोआप होतो.

तुम्ही जिला दांडी म्हणता ती खोड नाही. ती पानाचा मधला कणा आहे. जमिनीतून वर आलेली सहा फुटांची 'वेल' म्हणजे एकच पान. बहुतेक नेच्यांचं पान उलगडलं की वाढ संपते, याचं टोक मात्र वाढतच राहतं, आधाराला विळखे घालतं. या कुळात एकेक पान ३० मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. बाजूला जी पानांची जोडी दिसते तिच्या बेचक्यात, केसाळ लवेखाली, एक इवलासा डोळा झोपलेला असतो. मुख्य टोक मोडलं की त्यातला एखादा जागा होतो आणि तिथून वाढ पुढे चालू होते.

खरं खोड जमिनीखाली आहे. आडवं, काळ्या केसांनी झाकलेलं, पेन्सिलीपेक्षाही बारीक. पुस्तकात त्याला मूलक्षोड म्हणतात. झाड म्हणजे ते. वरचं सगळं त्याची पानं.

आता आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काय होतं ते पाहा. मिरग लागला की जूनच्या मध्याला गुंडाळलेले कोंब वर येतात. चतुर्थीपर्यंत माणसाच्या उंचीला जातात. दिवाळीच्या सुमारास पानांच्या कडांना बारीक बोटांसारखी झालर येते, तीत बीजुकं. फाल्गुनात सगळं वाळून तांबूस होतं आणि वैशाखात गडग्यावर नुसती वाळकी तार उरते. तिथे कोणी पाणी घालत नाही, तरी पुढच्या मिरगाला कोंब हजर.

म्हणजे पानं टाकून बसणं या झाडाला ठाऊक आहे. आमच्याकडे ते उन्हाळ्यामुळे बसतं, तुमच्याकडे थंडीमुळे बसेल. जापोनिकमचंही तेच. जपानमध्ये तो रानातला आहे, तिथे त्याला 'खेकडा-गवत' अशा अर्थाचं नाव आहे, कारण मुलं याच्या दांड्यांनी खेकडे पकडत. तिथल्या थंड भागांत वरचा भाग मरतो, वसंतात खालून पुन्हा येतो. तुम्ही पान वाचवायच्या मागे लागलात म्हणून मूळ कुजलं. यंदा पान जाऊ द्या. मूळ गोठू देऊ नका, आणि पूर्ण वाळू देऊ नका.

काचघर यांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. बीजुकापासून आलेलं कोवळं रोप किंवा नुकता लावलेला तुकडा पहिल्या थंडीत हिरवाच ठेवावा. सहा फूट वाढलेल्याला मी तुकडा म्हणणार नाही.

---

हवापाणी | १२ ऑक्टोबर

मिसिसागा. घरांच्या हीटिंगचंच काम करतो, म्हणून खिडकीपाशी नक्की काय झालं ते सांगतो.

बाहेर ० अंश असताना हवा दवाने पूर्ण भरलेली असली तरी घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम बाष्प धरते. तीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची धारणशक्ती १७ ग्रॅमच्या वर जाते, बाष्प मात्र तेवढंच राहतं. म्हणजे आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास. बाहेर उणे १० असेल तर हिशेब १२-१३ टक्क्यांवर येतो. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांनी थोडी भर पडते, पण जाळीच्या तोंडाशी ती पोचत नाही. नेच्याचं पातळ पान तिथे टिकणार नाही. पानं गेली की मूळ पाणी ओढत नाही, आणि आपण ओततच राहतो.

गॅरेजचं: वेगळं बांधलेलं, न तापवलेलं गॅरेज जानेवारीत बाहेरच्याइतकंच गार होतं. जमिनीत लावलेल्या मुळाला खालून मातीची ऊब आणि वरून बर्फाची दुलई असते, कुंडीला मात्र चहूबाजूंनी हवा. ती आरपार गोठते. कोल्ड रूम तिन्हीत उत्तम. तीन भिंती मातीला लागून आणि एक घराला. फक्त तिथली हवेची भोकं बाहेर उघडतात. कुंडी त्यांच्यासमोर ठेवू नका आणि एक स्वस्तातला कमाल-किमान थर्मामीटर आत टांगा.

---

आमराई | १३ ऑक्टोबर

मी दक्षिण फ्लोरिडात राहते. मनापासून एक गोष्ट सांगायची आहे, राग मानू नका.

आमच्याकडे या कुळाने जंगलं गिळली आहेत. जापोनिकम राज्याच्या उत्तरेत आणि मायक्रोफायलम दक्षिणेत. शोभेसाठी आणलेली झाडं. एव्हरग्लेड्स या इथल्या मोठ्या दलदलीतल्या झाडांच्या बेटांवर मायक्रोफायलमची अशी गोधडी पडते की आतलं झाड दिसत नाही. वाळलेली दांडी शेंड्यापर्यंत लोंबत राहते, जमिनीवरची आग त्या शिडीने वर चढते आणि एरवी वाचली असती ती झाडं जळतात. २००८ पासून ही पानं खाणारा एक पतंग मुद्दाम सोडला आहे. स्वयंसेवक म्हणून मी दर हिवाळ्यात हे कापायला जाते. कपड्यांवर बीजुकं घेऊन दुसऱ्या रानात जाऊ नये म्हणून आम्हाला बाहेर पडताना अंग झटकावं लागतं. एकच बीजुक उडून पडलं तरी त्यापासून पूर्ण झाड होऊ शकतं, जोडीला दुसरं लागत नाही.

टोरांटोची थंडी हा तुमचा पहारेकरी आहे, म्हणून तिथे काळजी कमी. पण दक्षिणेकडे राहणाऱ्या वाचकांनी हा धागा वाचून कुंडी आणू नये ही विनंती. आणि कोकणातून फ्लेक्झुओसम अमेरिकेत आणायचा विचार कोणाच्या मनात आला तर: फ्लेक्झुओसम आणि मायक्रोफायलम दोन्ही इथल्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहेत.

---

पानगळ | १३ ऑक्टोबर

म्युनिकहून. आमराईताईंच्या प्रतिसादाला जोडून: युरोपीय संघात लायगोडियम जापोनिकम २०१९ च्या ऑगस्टपासून आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. विकणं, नेणं, वाढवणं, सगळ्याला बंदी. मला हा नेचा फार आवडतो, पण मी तो लावणार नाही. धागा वाचत राहीन.

---

रानजाई | १३ ऑक्टोबर

आमराईताई, राग कसला, उलट हे मला आधी ठाऊक हवं होतं. झालरीची पानं मी आजच कापून पिशवीत बंद केली. यापुढे बीजुकं पिकायच्या आत कापत जाईन. कोकणातला आणायची इच्छा मनात होती, हे कबूल करते. ती सोडली.

सर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. 'आमच्याकडे उन्हाळ्यामुळे बसतं' या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. मे महिन्यात सुट्टीत गडग्यावर चढायचो तेव्हा ती वाळकी तार हाताला लागायची. ती मेलेली आहे असंच मी धरून चालले होते.

---

बटमोगरा | १५ ऑक्टोबर

मध्येच विचारते. माझ्याकडे हाच आहे (ओटावा) आणि पानांच्या कडांना तपकिरी दाणेदार काहीतरी आलंय. खवले कीड आहे का? साबणाचं पाणी मारू?

---

सड्यावरचा | १५ ऑक्टोबर

थांबा, मारू नका. दाणे फक्त कडेच्या बोटांवर, दोन ओळींत, सारख्या अंतराने आहेत ना? मग ते बीजुककोश आहेत. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही. ती दांडीवर आणि शिरांच्या कडेने कुठेही चिकटते, नखाने खरवडली की निघते, खाली चिकट लागतं. साबणाने नेच्याची कोवळी पानं करपतात, म्हणून कीड असली तरी आधी ओल्या फडक्याने पुसून पाहावं.

---

पाइनवाट | १८ ऑक्टोबर

न्यू जर्सी. या कुळातला एक भाऊ थंडीला अजिबात भीत नाही, त्याची ओळख करून द्यायचा मोह होतोय. लायगोडियम पामेटम, इथला मूळचा. आमच्या पाइन बॅरन्सच्या आंबट, ओलसर, वाळूमिश्रित मातीत तो बर्फाखालीही हिरवा असतो. एकेकाळी नाताळच्या सजावटीसाठी लोकांनी तो इतका ओरबाडला की कनेटिकट राज्याने १८६९ मध्ये त्याला वाचवायला कायदा केला. एखाद्या रानटी झाडासाठी कायदा होण्याचं अमेरिकेतलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

पण तो बागेत नेऊन लावला की मरतो. मातीचा आंबटपणा थोडा जरी कमी झाला तरी चालत नाही. मी दर नोव्हेंबरला त्याला पाहायला जातो आणि परत येतो.

---

रानजाई | ३० ऑक्टोबर

काल रात्री पहिला फ्रॉस्ट पडला. मुद्दाम कुंडी बाहेरच ठेवली होती, भिंतीला टेकवून, मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर देऊन. सकाळी वरची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट. बघवलं नाही, पण सरांचं म्हणणं आठवून तशीच राहू दिली.

आज कोल्ड रूममध्ये नेली. केलं ते असं: दांड्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापल्या, म्हणजे वसंतात नवीन कोंबांना चढायला खुंट राहतील. मातीला चिकटून सडणारी पानं वेचून काढली, बुरशी तिथूनच येते. कुंडी थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवली, थेट काँक्रीटवर नाही. पाणी दिलेलं नाही, माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली आहे. थर्मामीटर ७ अंश.

काचघरदादा, तुमचंही ऐकलं. आत न्यायच्या आधी कडेचा एक तुकडा, दोन कोवळ्या पानांसह, काढून घेतला होता. तो आता मोठ्या काचेच्या बरणीत, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आहे. दोन्हीकडे जीव अडकलाय.

---

काचघर | ३१ ऑक्टोबर

छान केलंत. बरणी उन्हात नेऊ नका, आत भट्टी होते. दिवसातून एकदा झाकण काढून वारा द्या.

या बरणीची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता. त्या मातीत आपोआप एक नेचा उगवला. घराबाहेर लंडनच्या कोळशाच्या धुरात त्याचे नेचे मरत होते, बाटलीत मात्र हा जगला. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या आणि पुढे समुद्रावरून महिनोन्महिने जिवंत झाडं नेता येऊ लागली. तुमची बरणी त्याच घराण्यातली.

---

रानजाई | २२ जानेवारी

मदत हवी आहे. तीन दिवस बाहेर उणे २१ आहे. कोल्ड रूमचा किमान आकडा काल रात्री उणे १. कुंडीच्या वरचं बोटभर मातीचं कवच कडक लागलं. घरात आणू का? कोणी जागं आहे का?

---

हवापाणी | २२ जानेवारी

घरात नको. ऊब लागली की ते उठेल आणि बाहेर उजेड नाही. हवेचं भोक जुन्या कापडाने तात्पुरतं बुजवा (थंडी ओसरली की आठवणीने उघडा, नाहीतर ओल धरते), घराच्या बाजूचं दार दोन बोटं उघडं ठेवा, कुंडी आतल्या भिंतीला लावा आणि बाजूंनी, वरून गुंडाळा.

---

सड्यावरचा | २२ जानेवारी

आमच्याकडे सकाळ झाली म्हणून लगेच वाचलं. वरचं बोटभर कडक झालं तर घाबरू नका, मूलक्षोड त्याखाली आहे आणि कडेपेक्षा मध्याला माती उशिरा गोठते. गरम पाणी ओतू नका. हळूहळू सुटू द्या. उद्या बोट घालून सांगा.

---

रानजाई | २३ जानेवारी

आईने लग्नात दिलेली गोधडी गुंडाळली. रात्री दोनदा उठून पाहिलं. सकाळी ३ अंश, माती भुसभुशीत. दोघांचे किती आभार मानू.

बरणीतला तुकडा हिरवा आहे. नवी दांडी दोन फूट गेली, पण दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट. मातीवर बारीक चिलटंही झाली आहेत.

---

काचघर | २३ जानेवारी

दिवा दूर पडतोय. वीतभर अंतरावर आणा. चिलटं म्हणजे वरची माती सतत ओली आहे, चार दिवस झाकण अर्धं उघडं ठेवा.

---

बटमोगरा | ९ मार्च

रानजाईताई, काही खबर? माझा खिडकीत ठेवलेला पूर्ण वाळला. मूळ उकरून पाहू का?

---

रानजाई | ९ मार्च

माझ्याकडे काहीच हालचाल नाही. दर पंधरा दिवसांनी वाटीभर पाणी, साठवलेलं बर्फाचं, खोलीइतकं गार. परवा मलाही राहवलं नाही, कडेची माती बाजूला करून एक इंच पाहिलं. केस काळे, पण नखाने किंचित खरवडल्यावर आत पांढरट हिरवं होतं. दाबलं तर टणक. मऊ आणि तपकिरी लागलं तर गेलं, टणक लागलं तर झाकून टाक आणि उकरू नकोस. खिडकीतून मात्र काढ गं, गार जागी ने.

---

रानजाई | १९ एप्रिल

कोल्ड रूम ११ अंशांवर आली आणि आज टॉर्च मारला तर एका खुंटाशेजारी पांढरट, केसाळ, गुंडाळलेलं काहीतरी. अंधारातच निघालंय. लगेच वर आणून उत्तरेच्या खिडकीत ठेवलं.

---

सड्यावरचा | २० एप्रिल

तुमच्याकडे मिरग लागला म्हणायचा! थेट उन्हात नेऊ नका. आता पाणी वाढवा, पण कोंबावर ओतू नका. आणि बाहेर न्यायची घाई नको. हा कोंब एकदा गोठला तर मुळाला साठ्यातून दुसरा काढावा लागेल.

---

हवापाणी | २० एप्रिल

इथला साधा नियम: व्हिक्टोरिया डेच्या (मेच्या उत्तरार्धातली सोमवारची सुट्टी) आधी रात्री बाहेर नाही.

---

रानजाई | २७ मे

चार कोंब आले. पहिला आता छातीइतका उंच आहे आणि जुन्या खुंटाला तीन विळखे घालून दोऱ्यावर गेला. प्रत्येक दांडी गेल्या वर्षीपेक्षा जाड आहे. बरणीतला तुकडाही जगला. पाच फूट लांब झाला, पण हाताने उचलला तर लोळतो. त्याला गेल्या आठवड्यात बाहेर सावलीत कुंडीत लावला आणि ती फिकट दांडी मातीपर्यंत वाळली. तिच्या शेजारून आज एक नवा कोंब दिसला, हा मात्र ठसठशीत आहे.

आजींना बोलावलं होतं. त्यांचं इंग्रजी आणि माझं कँटोनीज दोन्ही बेताचंच. त्यांनी वाकून टोकाला बोट लावलं आणि हाताने गोल गोल विळखा करून दाखवला. व्हँकूवरला जाताना बरणीवाली कुंडी त्यांच्याबरोबर जाईल. गाडीने जाणार आहेत, मुलगा घ्यायला येतोय. कुंडी मागच्या सीटवर, पट्टा लावून, असं ठरलंय.

---

काचघर | २७ मे

वाटेत त्यांची गाडी कॅलगरीवरून जाईल. रात्री मुक्कामाला जागा हवी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. कुंडीला रात्री गाडीत ठेवू नये.